आधी घास, मग नाव

लाल कापडी पिशवी तिने आपल्या आणि ढमीच्या खुर्चीच्या मधोमध, मांडीला लागेल अशी ठेवली होती. आत दोन इंजेक्शनं होती, जाड स्केचपेनसारखी दिसणारी. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, दहापर्यंत मोजायचं. दोन वर्षं ही पिशवी घरातल्या माणसासारखी सगळीकडे बरोबर यायची. ढमी दोन वर्षांची असताना एका बिस्किटातल्या चिमूटभर शेंगदाण्याने तिचे ओठ निळे पडले होते. तेव्हा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने, ढमीच्या आईने, अकरा मिनिटं मोजली होती, आणि ते मोजणं अजून थांबलं नव्हतं.

आज सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस. जेवण धाकट्या दिराकडून, आणि हॉटेलही त्यानेच निवडलेलं. मेक्सिकन, पण चीज ओतून लाडावलेलं नव्हे, खरंखुरं; तिकडची माणसं जे खातात ते. त्याने वेटरच्या कानाशी लागून काय काय मागवलं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तसंच असायला हवं होतं. कारण त्या घरात एक नियम होता.

सासरे शाळेत पी.टी. शिकवायचे. दोन्ही पोरगे लहानपणी पानावर बसले की नाकं मुरडायचे, म्हणून त्यांनी शिट्टी वाजवावी तसा एक हुकूम काढला होता: आधी घास, मग नाव. डोळे मिटा, तोंड उघडा, गिळा, मग सांगतो काय होतं ते. त्या हुकमावर पोरं भोपळा खायला शिकली, कलेजी खायला शिकली, आणि मोठी होऊन आपण कसे काहीही पचवतो याच्या फुशारक्या मारायलाही शिकली. आता नियमाचा खेळ झाला होता. बाहेर जेवायला गेलं की एकाने मागवायचं, बाकीच्यांनी न विचारता चाखायचं, मग नाव ओळखायचं. विचारेल तो भित्रा.

या घरात भित्रा कोण, हे सहा वर्षांपूर्वी, ती लग्न होऊन आली तेव्हाच ठरलं होतं. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं हा तिचा धंदा. सुटलेला अनुस्वार हातभरावरून दिसायचा, मग पाकिटावरची बारीक अक्षरं नजरेतून कशी सुटणार? दीर तिला लाडाने ‘तपासनीस’ म्हणायचा. लाडच होता तो, पण रोज थोडा थोडा टोचणारा.

गाडीत येताना नवरा म्हणाला होता, “आज बाबांचा दिवस आहे, तेवढं...” पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. नवऱ्यांना बायकोशी अर्धी वाक्यं पुरतात. तिने मान हलवली होती. ढमीसाठी घरून डबा आणला होता, ढमी डब्यातलं खाईल, बाकीच्यांनी जगातलं काय हवं ते खावं. तमाशा करायचा नाही. एवढं तिने स्वतःला बजावलं होतं.

हॉटेल लहान, पिवळ्या भिंतींचं. कोपऱ्यात दगडी खलबत्ता, आतून भाजल्या मिरच्यांचा ठसका. पहिली बशी आली ती हिरव्या, बुळबुळीत फोडींची. सासूबाईंनी डोळे मिटून घास घेतला आणि भेंडी म्हणाल्या. दिराने टेबलावर थाप मारून सांगितलं, निवडुंग. सगळे हसले. ती पण हसली, कारण फोडींवर कांदा, टोमॅटो आणि लिंबाशिवाय काही नव्हतं, ते तिने आधीच पाहून घेतलं होतं. दुसऱ्या बशीत मक्याच्या पातळ पोळीत काळंशार काहीतरी गुंडाळलेलं. सासऱ्यांनी मशरूम म्हणून सांगितलं आणि जवळजवळ जिंकले. मक्याच्या कणसावर धरणारी बुरशी होती ती. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे असं कणीस आलं तर मी भाजीवाल्याच्या तोंडावर फेकलं असतं, आणि इथे आपण माणसं जमवून खातोय.

ढमी डब्यातला भात चिवडत होती. चार वर्षांचं पोर, समोर रंगीबेरंगी बशा, आणि पुढ्यात पांढरा भात. तिच्या आईला ते दिसत होतं. पण मन मारणं वेगळं आणि श्वास अडकणं वेगळं.

तिसरी बशी मोठी होती. कोंबडीच्या तुकड्यांवर दाट, तपकिरी, चकचकीत रस्सा, वरून तीळ भुरभुरलेले. वास मिरचीचा, आणि मिरचीच्या मागे चॉकलेटचा. ढमीने मान वर केली. तो वास तिला ओळखीचा होता.

“हिला द्या की एक घास,” दीर म्हणाला. “चॉकलेट आहे यात. बघा, नाव पण फोडलं मी, फक्त तपासनीसांसाठी.”

“भाऊजी, अजून काय काय आहे यात?”

“विचारलंय मी वेटरला. शेंगदाणे नाहीत. झालं?”

ती बशीकडे पाहत होती. तीळ दिसत होते. त्यांच्याखाली जे वाटलं गेलं होतं ते दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्याचीच तिला धास्ती होती. तेवढ्यात सासऱ्यांनी पोळीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला होता. नातीचा आजोबा, सत्तरावा वाढदिवस, डोळ्यांत सगळं प्रेम उतरलेलं. “डोळे मीट गं ढमे. आधी घास, मग नाव.” ढमीने डोळे मिटले. तोंड उघडलं.

तिने सासऱ्यांचं मनगट धरलं.

असं या घरात कोणी कधी केलं नव्हतं. रश्श्याचा एक थेंब टेबलावर पडला, एक ढमीच्या बाहीवर. सासऱ्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नवऱ्याने हळूच तिचं नाव घेतलं, जसं माणूस चारचौघांत घसरणाऱ्याला सावरायला घेतं.

“बाबा, एक मिनिट. आधी नाव.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिने बशी उचलली, पिशवी खांद्याला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून आत गेली. पाठीमागे दीर म्हणाला ते ऐकू आलं: “गेल्या. आता भांडी पण तपासतील.”

आत वाफ होती आणि एक बुटकी, रुंद हातांची शेफबाई. बशी पाहून तिला वाटलं तक्रार आलीय. यात काय काय घातलंय असं विचारल्यावर मात्र बाईचा चेहरा खुलला, आणि ती बोटांवर मोजत सांगायला लागली. मिरच्या चार जातींच्या, सुके मनुके, भाजलेली पोळी, दालचिनी, तीळ, बदाम, शेंगदाणे...

पुढचं तिला ऐकू आलं नाही. तिने बशी फडताळाच्या कडेला ठेवून दिली. बाईने विचारलं, कोणाला सोसत नाही? मुलीला, ती म्हणाली, चार वर्षांच्या. बाईने हातातला झारा खाली ठेवला, आणि वेटरला हाक मारून, त्याला कोणी शेंगदाण्याचं विचारलं होतं का, असं सरळच विचारलं. वेटर म्हणाला, त्या टेबलावरच्या साहेबांनी फक्त एवढंच सांगितलं की नाव सांगू नकोस, सगळं गुपित ठेव. बाई कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटली. मग तिने विचारलं, अजून एक बशी जायची आहे. तुमच्या टेबलावर कोणाला कोळंबी, खेकडा असलं काही चालत नाही असं आहे का?

“नाही, नाही,” ती म्हणाली. “फक्त मुलीला. फक्त शेंगदाणे.”

हे उत्तर द्यायला तिला अर्धा क्षणही लागला नाही. तिच्या सगळ्या डोक्यात एकच माणूस होतं, सव्वा तीन फुटांचं.

ती परत आली. उभ्यानेच सांगितलं, शेंगदाणे आहेत, बदाम आहेत. वेटर काय म्हणाला ते मात्र गिळून टाकलं. सत्तराव्या वाढदिवसाला धाकट्या मुलाला खोटारडा ठरवायला तिची जीभ उचलली नाही. सासरे हातातला तुकडा अजून धरून बसले होते. तो त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली, एकेक, पुन्हा पुन्हा. सासूबाईंनी ढमीला आपल्या बाजूला ओढलं. दिराच्या कानाच्या पाळ्या शरमेने लाल झाल्या होत्या.

“चला, वेटरचा घोळ झाला,” तो म्हणाला. “पोर वाचलं ना? आता तोंडं पाडू नका, बाबांचा वाढदिवस आहे.” आणि शेवटची बशी त्याने स्वतःच वेटरच्या हातातून घेतली.

छोटी मातीची बशी. त्यात लालसर, कुरकुरीत, बारीक काहीतरी, लिंबू आणि तिखट मारलेलं. सासऱ्यांनी मान हलवली, नको म्हणाले. त्या घरात हेही पहिल्यांदाच होत होतं. सासूबाईंनी नको म्हटलं. नवऱ्याने बायकोकडे एक नजर टाकली आणि हात मागे घेतला. उरला दीर. त्याचा खेळ त्याच्याच हातात फुटला होता, आणि फुटलेला खेळ जोडायचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता. त्याने मूठभर उचललं आणि तोंडात टाकलं. वर अजून अर्धी मूठ.

“भित्रे सगळे,” तो चावत म्हणाला.

ती ढमीची बाही ओल्या रुमालाने पुसत होती. पुसता पुसता तिचं लक्ष गेलं, दीर कान खाजवतोय. मग मान. मग तो पाणी प्यायला, खाकरला, म्हणाला, मिरची जबरदस्त आहे. पुन्हा खाकरला. ओठ पण जरा... तिने नजर खाली वळवली. पुरे झालं, तिने स्वतःला सांगितलं. दुधाने तोंड पोळलंय म्हणून जगातलं सगळं ताक फुंकत फिरणार का? आत्ता कुठे टेबल सावरतंय. मिरची आहे, म्हणतोय ना तो.

तिने बाहीवर तीनदा रुमाल घासला. डाग पसरला.

कोळंबी, खेकडा असलं काही चालत नाही असं आहे का?

रुमाल तिच्या हातातच थांबला. लग्नानंतर पहिल्या वर्षी सगळे समुद्रावर गेले होते. कोळंबीची बशी आली तेव्हा याने दोन खाल्ल्या आणि तोंड खाजतंय म्हणून बाजूला सारल्या. सासरे म्हणाले होते, नखरे. सगळे हसले होते. तेव्हापासून तो घरातला विनोदच होता: धाकट्याला कोळंबी गुदगुल्या करते. हसण्यावारी नेलेली गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही. तिच्याही राहिली नव्हती, आणि राहायला हवी होती ती तिच्याच.

“भाऊजी, काय खाल्लंत तुम्ही?”

“आधी घास...” त्याचा आवाज बसला होता.

“नाव सांगा.”

“नाकतोडे,” तो म्हणाला, आणि हसायला गेला, आणि हसू बाहेर आलं नाही. आलं ते शीळ घातल्यासारखं काहीतरी, छातीतून.

डॉक्टरांच्या दाराबाहेर तासन्‌तास बसून तिने भिंतीवरचा एकूणएक तक्ता वाचला होता. कोळंबी आणि किडे एकाच घरातले. ज्याला एक सोसत नाही त्याने दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. बारीक अक्षरांत, तळाला.

त्यानंतरचं सगळं तिने केलं, पण कोणीतरी दुसरीच बाई करतेय असं तिला वाटत होतं. वेटरला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. दिराला खुर्चीवरून खाली घेतलं, पाठीशी खुर्च्यांवरच्या उशा देऊन रेलवलं, पाय लांब केले, उठू नका म्हणून दटावलं. त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि त्या फटीतून तो तिच्याकडे बघत होता, शाळेत पडलेल्या पोरासारखा. पिशवीची चेन उघडली. पहिलं इंजेक्शन. टोपण काढलं, पँटवरूनच मांडीत दाबलं. एक, दोन, तीन... दहा.

लहान मुलाचा डोस होता तो. मोठ्या माणसाला त्याच्या दुप्पट लागतो. हे तिला माहीत होतं, आणि नवऱ्यालाही, कारण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो शेजारीच बसला होता.

वेटर धावत आला, गाडी निघालीय, वीस मिनिटं म्हणतात.

पाच मिनिटं गेली. शीळ थांबली नाही. दिराच्या कपाळावर घाम आला आणि रंग उतरला, राखेसारखा. सासूबाई त्याचं डोकं छातीशी धरून त्याचे केस मागे सारत होत्या. तिने पिशवीत हात घातला.

नवऱ्याने तिचा हात धरला. “ते दुसरं राहू दे. ढमीचं आहे.”

“माहीत आहे.”

“तो तुकडा अजून टेबलावर आहे. बाबांच्या हाताला लागलंय. तिला काही झालं तर काय करायचं आपण? अजून पंधरा मिनिटं आहेत.”

तो कठोर नव्हता. तो खाली पडलेल्याचा सख्खा भाऊ होता, आणि तो तिचंच गणित तिला ऐकवत होता; दोन वर्षं तिने घरादाराला शिकवलेलं. दोन इंजेक्शनं. दोन्ही ढमीची. कोणत्याही परिस्थितीत ढमीची.

तिने ढमीकडे पाहिलं. पोर भिंतीला चिकटून उभी होती, आणि तिच्या बाहीवर तो तपकिरी डाग. बाहीचं टोक ओलं. पाण्याने ओलं की तोंडात धरून? ढमी घाबरली की बाही चोखते.

ती गुडघ्यांवर तिच्यापर्यंत गेली. ओठ पाहिले, जीभ पाहिली, मान, पोट, कानांच्या मागे.

“ढमे, बाही तोंडात घातलीस?”

ढमीने मान हलवली, नाही.

“खरं सांग. आई रागावणार नाही.”

“मला नाव माहीत नव्हतं ना त्याचं,” ढमी म्हणाली. “मग कशी घालीन?”

आता ठरवायचं होतं ते एवढंच, की चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर विसंबायचं की नाही. दोन वर्षं तिने कोणावर विसंबायचं सोडलं होतं. वेटरवर नाही, पाकिटावर नाही, नवऱ्यावर नाही. मागे ती शीळ बारीक होत चालली होती, आणि बारीक होणं वाईट होतं.

“हिला बाहेर ने,” ती नवऱ्याला म्हणाली. “फ्रॉक काढ, तिथेच टाक. हात तोंड साबणाने धू. तिच्यावरून नजर काढू नकोस.” मग सासऱ्यांकडे वळून, तशाच आवाजात, “बाबा, तुम्ही पण हात धुवा. आणि ती ताटली उचलायला सांगा.”

सत्तर वर्षांचे पी.टी. मास्तर मुकाट्याने उठले.

तिने दुसऱ्याचं टोपण काढलं. एक, दोन, तीन. दहानंतरही ती मोजत राहिली. काचेच्या दारापलीकडे फुटपाथवर नवऱ्याच्या शर्टात गुंडाळलेली ढमी दिसत होती. तिची आई एकदा दिराच्या छातीकडे बघायची, एकदा काचेकडे. एकशे चाळीस. ढमी खोकली का? नाही, बोलतेय. दोनशे दहा. शीळ जाडी झाली, मग भरड झाली, मग तिच्यात मधे मधे श्वास ऐकू यायला लागला. तीनशेच्या पुढे कुठेतरी दिराने डोळे उघडले. काचेपलीकडे ढमी नवऱ्याचे कान ओढत होती. पिशवी रिकामी होती, आणि गाडी अजून आली नव्हती, आणि ती दोघांचेही श्वास मोजत होती.

गाडी अठराव्या मिनिटाला आली.

हॉस्पिटलात त्याला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. ती पलंगाशी बसली तेव्हा तो ओळखू येत नव्हता. चेहरा फुगलेला, आवाज चाळणीतून आल्यासारखा.

“भाऊजी, एक सांगायचंय. शेफबाईने मला विचारलं होतं, कोणाला कोळंबी चालत नाही का. मी नाही म्हणाले. मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही. आणि नंतर तुम्ही कान खाजवत होतात तेही मी पाहिलं होतं. तरी गप्प बसले.”

तो छताकडे बघत राहिला.

“मी वेटरला विचारलंच नव्हतं,” तो म्हणाला. “शेंगदाण्याचं.”

“माहीत आहे.”

त्याने मान तिच्याकडे वळवली. माहीत असून बोलला नाहीत, असं काहीतरी त्याच्या सुजलेल्या डोळ्यांत आलं आणि गेलं. तिने त्याला माफ केलं नव्हतं. आपल्याला त्याने करावं असंही तिला वाटत नव्हतं. ढमीचं उघडलेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं, आणि त्याची ती शीळ कानातून जायला. पाण्याचा पेला तिने त्याच्या हाताजवळ सरकवला आणि उठली. औषधाच्या खिडकीवर जाऊन दोन नवीन इंजेक्शनं घ्यायची होती. त्याशिवाय ती या इमारतीतून पाऊल बाहेर टाकणार नव्हती.

“वहिनी,” तो म्हणाला. “मोठ्या माणसाचं पण मिळतं ना ते?”

“डॉक्टर देतील लिहून. पिशवी मात्र तुमची तुम्ही शोधा.”

नवीन इंजेक्शनं पिशवीत घालून ती बाहेर आली, तेव्हा खाऊच्या टपरीपाशी सासरे उभे होते. चष्मा कपाळावरून नाकावर घेतलेला, हातात बिस्किटाचा पुडा, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. शर्टात गुंडाळलेली ढमी त्यांचं बोट धरून वाट बघत होती. त्यांनी पुडा उलटा केला, बारीक अक्षरं वाचली, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. काहीतरी पटलं नाही. पुडा परत ठेवला. दुसरा घेतला, तोही ठेवला. शेवटी त्यांनी एक केळं घेतलं, ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, आणि सोलायच्या आधी मान वर करून सुनेकडे बघत थांबले.